शॉकअप आधी, स्प्रिंग नंतर: साताऱ्यातल्या स्पोर्ट्स कारच्या नव्या मालकासाठी

समर्थ मंदिराकडून कासच्या रस्त्याला लागलं की गाडीच्या सस्पेन्शनबद्दल जे कळायचं ते अर्ध्या तासात कळतं. आधी वस्तीतले स्पीडब्रेकर, मग यवतेश्वर घाटाची वळणं, वर पठाराला लागल्यावर पावसाने खाल्लेल्या डांबराच्या कडा. स्पोर्ट्स कार घेतलेला नवा माणूस या रस्त्याने एकदा जाऊन येतो आणि दोन तक्रारी घेऊन येतो: गाडी कंबर मोडते, आणि वळणात मनासारखी बसत नाही. लगेच पुढचा प्रश्न, "स्प्रिंगा कुठल्या टाकू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. स्प्रिंगांना इतक्यात हात लावू नका. आराम आणि पकड यांचं वैर आहे असं सगळे धरून चालतात, ते खरं नाही. चाक रस्त्याला चिकटून राहिलं की दोन्ही मिळतात, आणि चिकटवून ठेवायचं काम टायर आणि शॉकअप करतात. स्प्रिंग मुख्यतः वजन पेलते. मी स्वतः उलट्या क्रमाने पैसे घातले. माझ्या जुन्या दोन सीटच्या गाडीला आधी लोअरिंग स्प्रिंगा बसवल्या, तेही कंपनीच्याच जुन्या शॉकअपवर. गाडी तीस मिलिमीटर खाली आली, फोटोत छान दिसली. पण यवतेश्वराच्या वळणात एखादा खड्डा लागला की मागचं चाक थेट बंप स्टॉपरवर (चाक आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबरी गोळ्यावर) जायचं आणि गाडी एका उडीत बाहेरच्या बाजूला सरकायची. डाव्या हाताला दरी असताना ते सरकणं फार वाईट वाटतं. वर्षाच्या आत मागच्या एका शॉकअपने तेल सोडलं. सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. तो क्रम तुम्ही तरी नीट धरावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं काम: वही आणि ठरलेला रस्ता

काहीही विकत घेण्याआधी एक रस्ता ठरवा. माझा ठरलेला आहे: पोवई नाक्यापासून समर्थ मंदिर, यवतेश्वर घाट, कास, आणि तसंच परत. तुमचं येणंजाणं पुण्याला जास्त असेल तर हायवे धरा. पुलांचे सांधे आणि खंबाटकी घाटाची उतरण, दोन्ही चांगली परीक्षा घेतात. वाईकडचे असाल तर पसरणी घाट आहेच. सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने जायचं. घाटात गाडीची हद्द शोधायला जायचं नाही. सस्पेन्शनचा दोष कळायला चाळीसचा वेगसुद्धा पुरतो.

परत आल्यावर लिहा, आणि "कडक वाटते" एवढंच लिहू नका. कडकपणाचे प्रकार आहेत. खड्ड्याच्या कडेवर एकच तीक्ष्ण ठोका बसतो, की उंचवट्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत राहते? डोकं डावीकडे उजवीकडे हेलकावतं का? वळणात शिरताना नाक उशिरा वळतं, की वळल्यावर मागची बाजू सैल वाटते? या प्रत्येकाचं मूळ वेगळ्या भागात असतं. वही नसली की माणूस सगळ्या दुखण्यांवर एकच औषध घेतो.

टायर: सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन

हवेपासून सुरुवात करा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचा दाब वेगवेगळा दिलेला असतो. पंक्चरवाले बहुतेक गाड्यांना सरसकट ३५ भरून देतात. गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना स्वतःच्या गेजने मोजा. मी पाहिलेल्या "कडक" गाड्यांपैकी काही एवढ्यानेच सुधारल्या.

मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालाय. सेकंडहँड स्पोर्ट्स कार कमी फिरलेली असते, त्यामुळे नक्षी शिल्लक असते पण रबर वाळून कडक झालेलं असतं. असा टायर ओल्या घाटात धोकादायक, आणि कोरड्या रस्त्यावर दगडासारखा.

बीएमडब्ल्यूसह काही कंपन्यांच्या गाड्या रनफ्लॅट टायरवर येतात. हवा गेली तरी काही अंतर चालता यावं म्हणून त्यांच्या बाजूच्या भिंती जाड आणि ताठ असतात, आणि तो ताठपणा रोज अंगावर येतो. साधे टायर टाकले की फरक पहिल्या स्पीडब्रेकरला कळतो. मात्र अशा गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते. पंक्चर किट आणि हवेचा पंप डिकीत ठेवल्याशिवाय हा बदल करू नका. बामणोलीच्या वाटेवर टायर फाटला तर मदत यायला वेळ लागतो.

रिमचंही पाहा. २२५/४० आर १८ या टायरची भिंत ९० मिलिमीटर उंच असते, २२५/४५ आर १७ ची १०१. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण खड्डा आणि रिम यांच्यामध्ये एक सेंटिमीटर रबर जास्त येतं. ब्रेकचा कॅलिपर आत मावत असेल आणि कंपनीने तो साइझ त्या गाडीला दिलेला असेल, तर एक इंच लहान रिम हा आपल्या रस्त्यांसाठी मला सगळ्यात शहाणा बदल वाटतो. लोक नेमका उलटा करतात, १९ इंची रिम टाकतात आणि मग आराम शोधत शॉकअपवर पैसे घालतात.

झिजलेलं आधी बदला

गाडी जॅकवर घेऊन मिस्त्रींबरोबर स्वतः खाली वाका. टायरच्या नक्षीवरून तळवा पुढेमागे फिरवा. हाताला लाटा लागल्या, एक ठोकळा उंच, पुढचा खोल, असं जाणवलं, तर त्या चाकाचा शॉकअप गेला असण्याची दाट शक्यता आहे. चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओलावा आणि त्यावर बसलेली काळी धूळ पाहा. बॉनेट दाबून गाडी झुलवून पाहण्याची पद्धत जुनी आहे, पण तिच्यात फक्त पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धा मेलेला सापडत नाही.

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या बुशात, म्हणजे सांध्यातल्या रबरात, टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवा. रबरात चीर दिसते का, आर्म नको तिकडे सरकतो का? कमी वेगात टक टक आवाज येत असेल तर आधी स्टॅबिलायझरच्या (अँटीरोल बारच्या, म्हणजे गाडीचं झुकणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक रॉड तपासा, त्या स्वस्त असतात. स्ट्रटचं (शॉकअप आणि स्प्रिंगच्या एकत्र खांबाचं) वरचं माउंटिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, सगळं हलवून पाहा. दहा-बारा वर्षांच्या गाडीत हे सगळं रबर नवं टाकलं की निम्म्या मालकांना पुढे काही बदलावंसंच वाटत नाही. बुश कंपनीच्या रबराचेच घ्या. पॉलियुरेथेनचे बुश ट्रॅकसाठी ठीक. रोजच्या गाडीत ते रस्त्याचा कंप थेट आत आणतात आणि ग्रीस सुकलं की किरकिरतात.

शॉकअप: इथे वेळ द्या, पैसेही इथेच द्या

स्प्रिंग धक्का साठवते आणि परत फेकते. शॉकअप ती ताकद तेलाच्या बारीक वाटांमधून नेऊन उष्णतेत जिरवतो. चाक वर येताना तो जेवढा विरोध करतो त्याला बंप म्हणतात, चाक खाली जाताना करतो तो रिबाउंड.

नव्या माणसाचा गोंधळ "लो स्पीड" आणि "हाय स्पीड" या शब्दांत होतो. हा गाडीचा वेग नाही, शॉकअपच्या दांड्याचा वेग आहे. वळणात गाडी झुकते, ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं, तेव्हा दांडा सावकाश सरकतो. खड्ड्याची कड लागते तेव्हा गाडी वीसच्या वेगात असली तरी दांडा झटक्यात आत जातो. चांगला शॉकअप सावकाश हालचालीला ताठ राहतो आणि झटक्याला वाट करून देतो. म्हणून गाडी घाटात कमी झुकते आणि खड्ड्यात कमी आपटते, दोन्ही एकाच वेळी. स्वस्त शॉकअप सगळ्याच हालचालींना सारखा आडवा येतो. त्यामुळे "स्पोर्ट्स शॉकअप म्हणजे कंबरदुखी" असा समज पसरला.

रिबाउंड फार कडक केला तर वेगळाच त्रास होतो. चौकाआधी रस्त्यावर ओळीने पांढऱ्या जाड पट्ट्या असतात, त्यांवरून जाऊन पाहा. प्रत्येक पट्टीला चाक वर जातं, पण खाली यायला वेळ मिळायच्या आत पुढची पट्टी येते. चाक वरच अडकत जातं, गाडी हळूहळू बसत जाते आणि शेवटी स्टॉपरवर टेकते. पट्ट्यांच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटी असह्य, असं वाटलं तर रिबाउंड सैल करायला हवा. तिथे मऊ स्प्रिंग टाकून उपयोग नाही.

बांधणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. ट्विन ट्यूबमध्ये नळीत नळी असते. सस्ता, बारीक ठोक्यांना सहसा मऊ. मोनो ट्यूबमध्ये एकच नळी, तळाशी तरंगता पिस्टन आणि त्याखाली दाबातला वायू. तेलाची उष्णता थेट बाहेरच्या भिंतीतून जाते, त्यामुळे लांब खराब रस्त्यावरही ढिला पडत नाही. यातलं अमुकच चांगलं असं नाही, आतली व्हॉल्व्हची जुळणी महत्त्वाची.

दुकानात गेल्यावर नावांनी गांगरून जाऊ नका. उदाहरणादाखल शॉकअप बनवणाऱ्या बिल्स्टाइन कंपनीची यादी घ्या. बी४ म्हणजे मूळ शॉकअपची जागा घेणारा. बी६ कंपनीच्याच उंचीसाठी, पण जास्त ताबा देणारा. बी८ लोअरिंग स्प्रिंगांसाठी आखूड केलेला. तीस मिलिमीटर खाली घेतलेल्या गाडीला बी८ लागतो. माझ्या बाबतीत झालेली चूक हीच होती, पूर्ण लांबीचा शॉकअप आखूड स्प्रिंगेवर. कोनी या दुसऱ्या कंपनीचा स्पेशल ॲक्टिव्ह हालचालीच्या लयीप्रमाणे स्वतः मऊ किंवा ताठ होतो, त्याला फिरवायचा स्क्रू नाही. ज्यांना सेटिंगचा नाद नाही आणि आराम हवा आहे त्यांनी अशा जातीचा शॉकअप आधी बघावा. घाटात ताबाच हवा असेल तर बी६ च्या जातीचा. कुठलाही घ्या, पण एका ॲक्सलची, म्हणजे पुढची किंवा मागची, जोडी एकदम बदला.

गाडीत इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील, म्हणजे डॅशबोर्डवर कम्फर्ट आणि स्पोर्टचं बटण असेल, तर साधे टाकल्यावर इशाऱ्याचा दिवा पेटतो. तो शांत करणारं मॉड्यूल वेगळं घ्यावं लागतं. खरेदीआधी विचारून घ्या.

आता स्प्रिंग, आणि स्पीडब्रेकरचं गणित

शॉकअप बदलून महिनाभर वहीत लिहिल्यानंतरही गाडी झुकतेच असं वाटलं, तर स्प्रिंगेकडे या.

एका चाकावर ३५० किलो भार आहे आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २.५ किलो आहे असं धरा. अशी गाडी सेकंदाला साधारण १.३ वेळा झुलते. कडकपणा दुप्पट करून ५ किलो केला तर १.९ वेळा. दीडच्या आसपासची लय शरीराला सोसते; दोनकडे गेलं की आपल्या रस्त्यांवर पाठ बोलू लागते. म्हणून कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड, विकणारा "पुढे आठ, मागे दहा" म्हणाला तर ती मिलिमीटरला किलोची संख्या चाकापाशी किती भरते ते विचारा. मल्टिलिंकमध्ये (मागचं चाक अनेक दांड्यांनी धरणाऱ्या रचनेत) स्प्रिंग चाकापासून आत असते. चाक १० मिलिमीटर हलल्यावर स्प्रिंग ७ च दबत असेल, तर चाकापाशी कडकपणा निम्माच उरतो, कारण ०.७ चा वर्ग ०.४९. मागचा मोठा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही, पण पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटला, जिथे स्प्रिंग चाकाजवळच असते, ही सूट जवळपास मिळत नाही.

मागची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद असावी, हे १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी मांडलं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो. मागची बाजू थोड्या जलद लयीने पुढचीला गाठते आणि गाडी घोड्यासारखी नाक-शेपूट करायची थांबते. दोन सीटच्या आखूड गाडीत हे फार जाणवतं.

उंचीबद्दल मात्र मी हट्टी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. अडीच मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी त्याच्या मधोमध आली तरी चारही चाकं उतारावरच, साधारण साडेपाच सेंटिमीटर उंचीवर असतात. म्हणजे पोटाखाली साडेचार-पाच सेंटिमीटर जागा पुरते, आणि गाडी हळू असली की खाली घेतलेली गाडीही निघून जाते. पण कोरेगाव-रहिमतपूर पट्ट्यात किंवा कुठल्याही गावाच्या वेशीवर जो हाताने घातलेला स्पीडब्रेकर भेटतो, तो तेवढाच उंच आणि रुंदीला मीटरभर. पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची आहेत, आणि मध्ये पूर्ण दहा सेंटिमीटरचा कणा. गाडीखाली मुळात १२० मिलिमीटर जागा असेल तर कंपनीच्या उंचीला सुटते. तीस खाली घेतली की ९० उरतात, आणि इंजिनखालचं तेलाचं चेंबर घासतं. मोजपट्टी घेऊन स्वतःच्या रोजच्या रस्त्यावरचे दोन स्पीडब्रेकर मोजा, मग काय ते ठरवा.

दुसरी गोष्ट, उंची कमी केली की चाकाचा वर यायचा प्रवास कमी होतो. ७० मिलिमीटरपैकी ३० गेले तर उरलेल्या ४० मध्ये तोच खड्डा पचवायचा, म्हणून स्प्रिंग कडक करणं भाग पडतं. आराम हवा असेल तर दहा-पंधरा मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका.

कॉइलओव्हर कुणी घ्यावा? ज्याला उंची आणि सेटिंग खरोखर बदलत राहायचंय त्याने. कासच्या पावसात आणि लाल चिखलात त्याचे आटे गंजून कॉलर जाम होतात. दर पावसाळ्यानंतर ब्रशने साफ करावे लागतात. वरचं माउंटिंग धातूच्या गोळीचं असेल तर खडखड येणार हे धरून चाला.

जाड अँटीरोल बारने झुकणं कमी होतं आणि सरळ रस्त्यावरचा आराम फारसा जात नाही, पण एका बाजूच्या खड्ड्याचा धक्का दुसऱ्या बाजूलाही जातो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे जाड बार टाकू नका. धुक्यात, ओल्या वळणावर शेपूट लवकर सुटते.

बसवताना उभे राहा

हा भाग माझ्या जिवाचा आहे, कारण चांगल्या सामानाची माती बहुतेक वेळा इथे होते. रबरी बुशाच्या आत एक लोखंडी नळी असते आणि रबर तिला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की ती नळी जागच्या जागी पक्की होते, पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळण्यातून होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. चालताना ते ताठ वाटतं आणि लवकर फाटतं. माझ्या पहिल्या कामात असंच झालं होतं. दुसऱ्या वेळी ज्या मिस्त्रींकडे गेलो ते बोल्ट हाताने लावून थांबले, चारही चाकांखाली लाकडी ठोकळे सारले, गाडी ठोकळ्यांवर उतरवली, दोन्ही बाजूंनी दाबून झुलवली आणि मग खाली शिरून एकेक बोल्ट टॉर्क पान्याने आवळला. मी विचारलं, "मिस्त्री, वरच आवळले असते तर लवकर नसतं का झालं?" ते म्हणाले, "आवं साहेब, बुशाला आधी त्याच्या जागंवर बसू द्या की."

स्ट्रटच्या वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावू देऊ नका. दांडा आत गरगर फिरतो आणि सील जातं. दांडा ॲलन कीने धरून नट हाताने आवळायचा. कॉइल दाबायचा कंप्रेसर चांगल्या स्थितीत नसेल तर ते काम तिथे करूच नका, दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

त्यानंतर दोन-तीनशे किलोमीटर चालवून अलाइनमेंट. चारही चाकांचं मोजमाप देणारं आणि आधीचा-नंतरचा कागद छापून देणारं मशीन पाहिजे, त्यासाठी पुण्याला किंवा कोल्हापूरला जावं लागलं तरी जा. टाकी भरलेली असू द्या. काही जर्मन कंपन्या सीटवर ठराविक वजन ठेवूनच मोजायला सांगतात. टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा (चाकाच्या उभ्या कलापेक्षा) टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) जास्त दोषी असतो, म्हणून मागच्या टोचे दोन्ही आकडे सारखे आहेत का ते आधी बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. कंपनीच्या उंचीचा, कंपनीने दिलेल्या साइझच्या टायरचा मार्ग इथेही सोपा पडतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि बिलं जपून ठेवा.

सेटिंग

कडकपणा बदलायच्या स्क्रूचा शॉकअप घेतला असेल तर तो स्क्रू पूर्ण बंद करा आणि तिथून उलटे क्लिक मोजा. मधल्या क्लिकवर सुरुवात करा. तोच रस्ता, तीच हवा, तेवढीच माणसं. एका वेळी एकाच ॲक्सलचे दोन क्लिक बदला आणि लिहा. उंचवट्यानंतर गाडी एकदाच वर येऊन शांत बसली की रिबाउंड जमला. तिथून आणखी कडक करायचा मोह होतो, कारण शोरूमपुढच्या गुळगुळीत रस्त्यावर कडक गाडी चपळ वाटते. यवतेश्वरात ती चपळ वाटत नाही, ती उडते.

माझ्या वहीत आता दोनच नोंदी उरल्या आहेत. उन्हाळ्याचे क्लिक, आणि जूनपासूनचे, ज्यांत मागचा रिबाउंड दोन क्लिक सैल. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॉल्यांतून सांडलेल्या उसाच्या कांड्या असतात, तेव्हाही मी जूनचेच क्लिक ठेवतो आणि दर पंधरा दिवसांनी टायरच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवून बघतो.